निरोप पुसणारं बटण

“आई, मला काही विचारायचं नाही. फक्त वाचायचं आणि तुम्हाला वाटेल ते दाबायचं,” सासूबाईंना बजावून मी चाचणीचा फोन त्यांच्या हातात दिला. संध्याकाळी आमच्या ॲपची नवी आवृत्ती निघणार होती आणि तिच्यात माझं वाक्य जाणार की नाही, ते आता ऑफिसातल्या याच खोलीत, साहेब आणि प्रोग्रामरसमोर ठरणार होतं.

ॲपमधल्या सूचना आणि बटणांवरचे शब्द मी लिहिते. ऑफिसात मला पाटीवाली म्हणतात. म्हणोत बापडे!

सासरे गेल्यावर त्यांनी फोनवर बोलून पाठवलेले निरोप सासूबाई रोज दुपारी ऐकत बसायच्या. एकदा फोनमधली जागा भरली आणि आमच्याच ॲपनं विचारलं, ‘तुम्हाला खात्री आहे?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. त्यांनी ‘हो’ दाबलं. सगळे निरोप गेले ते गेलेच.

“एवढं अदबीनं विचारतंय, तोंडावर नाही कसं म्हणायचं गं?” त्या म्हणाल्या, तेव्हा हसावं की रडावं मला कळेना. त्या दिवसापासून मी त्या पाटीच्या हात धुऊन मागे लागले होते.

“अहो, सगळे ‘खात्री आहे?’ असंच विचारतात,” साहेब आताही कुरकुरले. “नमनालाच घडाभर तेल कशाला?”

“कशाची खात्री, ते सांगायला नको का साहेब?”

सासूबाईंनी ‘जागा रिकामी करा’ दाबलं. माझी पाटी उघडली आणि त्या मोठ्यानं वाचू लागल्या, “या व्यक्तीचे सगळे निरोप कायमचे पुसले जातील. ते पुन्हा ऐकता येणार नाहीत.” बोट हवेतच थांबलं. चष्मा सारखा करून त्यांनी पुन्हा वाचलं. खाली दोन बटणं होती, ‘निरोप पुसा’ आणि ‘राहू द्या’.

“अगं बाई! पुसले जातील म्हणतंय!” त्यांनी झटकन ‘राहू द्या’ दाबलं. “हे बरं केलंस. नाही म्हणावं लागत नाही, आणि कुणाला वाईटही वाटत नाही.”

प्रोग्रामरनं टेबलावर थाप मारली. साहेब हसले. “टाका हो, आजच टाका!” मी आनंदानं वेडीच व्हायची बाकी होते, भर ऑफिसात सासूबाईंना मिठी मारली. त्या लाजून “पुरे, पुरे” म्हणत राहिल्या.

“आजी, द्या तो फोन,” प्रोग्रामर म्हणाला. “आतलं सगळं पुसून ठेवतो. उद्या दुसऱ्या चाचणीला लागेल.”

“कोणाचे निरोप आहेत?”

“कोणाचे नाहीत हो. आम्हीच काहीबाही बोललोय, ऐकू येतंय का वगैरे.”

सासूबाईंनी एक निरोप लावून फोन कानाला धरला. बराच वेळ ऐकत राहिल्या.

“कुणीतरी बोललंय ना?” त्या म्हणाल्या. “मग नका पुसू.”

प्रोग्रामरचा पुढे केलेला हात तसाच राहिला. साहेबांनी खणातून चाचणीसाठी दुसरा फोन काढला आणि त्याच्या हातात दिला.