गिरिजामावशीचं सरपण

मारुतीच्या पारापाशी येता येता तातेरावांच्या डोक्यावरची मोळी सुटली. आधी एक काटकी घसरून खांद्यावर आली. ती सावरायला त्यांनी हात वर केला, तोवर दोरी सैल पडली आणि सगळं सरपण रस्त्यावर पसरलं. पारावर गप्पा मारत बसलेली माणसं एकदम गप्प झाली. कुणी हसलं असतं तर तातेरावांनीही हसून वेळ मारून नेली असती. पण कुणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

धावडा गावात त्यांना सगळ्यांनी पाहिलं होतं ते खाकी कपड्यांत, खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून एसटीच्या दारात उभं असलेलं. सगळी नोकरी भोकरदन डेपोत कंडक्टर म्हणून गेली. गावातल्या अर्ध्या पोरांना त्यांनी कॉलेजला नेलं-आणलं होतं. असा माणूस निवृत्तीनंतर डोक्यावर लाकडं घेऊन येतो, हे कुणाला कसं घ्यावं तेच कळेना. सरपण आणणं गावात बायकांचं काम. पुरुष आणणारच असेल, तर बैलगाडीतून नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणेल.

मागून बेबीनंदा येत होती. तिची मोळी तातेरावांच्या मोळीच्या दुप्पट होती. तिने ती पाराच्या कठड्याला टेकवून उभी केली, पदर खोचला आणि वाकून काटक्या गोळा करायला लागली. बेबीनंदा तातेरावांच्या शेजारची. त्यांची बायको उषाबाई हयात होत्या तोवर दोघी जोडीनं डोंगराला जात. दोरीला पीळ देता देता तिने विचारलं,

"भाऊजी, तुमच्या घरी गॅस हाय. मंग ही मोळी कशाला?"

"माझ्यासाठी न्हाई. गिरिजामावशीसाठी."

बेबीनंदाचा हात क्षणभर थांबला. मग ती काटक्या सारख्या करू लागली. जाड लाकडं मधे, बारीक भोवती, आणि दोरी दोन ठिकाणी. मोळी उचलून त्यांच्या डोक्यावर देताना ती एवढंच म्हणाली, की उद्या सकाळी त्यांनी एकटं जाऊ नये, बायका निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर निघावं.

उषाबाई चैत्रात गेल्या. भर दुपारी पाणी प्यायला उठल्या, उंबऱ्यापाशी बसल्या आणि तिथंच मान टाकली. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. त्यानंतर मुलगा सुमित बापाला जालन्याला न्यायचा हट्ट धरून बसला होता. तिथं मस्तगड भागात त्याच्या दोन खोल्या होत्या. एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात नोकरी होती. सून दीपमाला मनानं चांगली होती. एकट्यानं गावात राहून काय करणार, हा त्याचा प्रश्न बरोबरच होता. दिवाळीला सुट्टी लागली की सुमित येईल, घराला कुलूप लावू आणि बरोबर जाऊ, असं बापलेकांचं ठरलं होतं. तातेरावांनी कपड्यांची पेटीसुद्धा काढून ठेवली होती.

मधेच गिरिजामावशीचं निघालं. गल्लीच्या टोकाला एका खोलीत ही म्हातारी एकटी राही. नवरा कधीच गेला होता, मुलगा वीटभट्टीच्या कामाला म्हणून बाहेर गेला तो तिकडचाच झाला. नवरात्रात पाऊस उघडला आणि पहाटे गारवा सुटायला लागला, तेव्हा तातेराव सहज तिच्याकडे डोकावले. आपण आता जालन्याला जाणार, एवढं सांगून यावं म्हणून. म्हातारी खाली जमिनीवर गोधडी टाकून बसली होती. खोलीत काहीतरी मोकळं मोकळं वाटलं, पण काय ते चटकन ध्यानात येईना. मग आलं. भिंतीकडेची लाकडी बाज दिसत नव्हती.

"मावशे, बाज कुठं गेली?"

"जाळली," म्हातारी म्हणाली. "दोन पाय राह्यलेत अजून."

तिने हे असं सांगितलं, जशी काही बाज कुणी मागून नेली होती. तातेराव तिच्याजवळ खाली बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गॅसची टाकी कधीच संपली होती, भरून आणणारं कुणी नव्हतं, आणि तो निळा जाळ पेटवायला तिला धडकीच भरायची. गुडघे असे आखडलेले, की सकाळी अंगावर कढत पाणी पडल्याशिवाय ती उठून उभी राहू शकत नसे. वर्षानुवर्षं उषाबाई डोंगरावरून येताना आपली मोळी आधी हिच्या दारात टेकवत, त्यातली ओंजळभर नव्हे, चांगली कवेत मावतील एवढी लाकडं काढून ठेवत आणि मग घरी येत. तातेरावांना याचा पत्ताच नव्हता. ते तेव्हा कुठल्यातरी गाडीत तिकिटं फाडत असायचे.

"मंग मला सांगायचं न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"उषा होती तवर मागावंच लागलं न्हाई," म्हातारी म्हणाली. "आता मागायची सवय कुठून आणू?"

तातेराव घरी आले ते तडक पाठीमागच्या पडवीत गेले. उषाबाईंनी रचून ठेवलेली चळत तिथं होती ना, त्यातलं देऊन टाकू, असा त्यांचा हिशेब. पण पावसाळाभर अंघोळीचं पाणी तापवून त्यांनीच ती जाळून संपवली होती. खाली ढलपे आणि थोडी साल उरली होती. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की जाण्याआधी म्हातारीला हिवाळाभर पुरेल एवढं सरपण भरून द्यायचं. म्हणजे जाताना मन मोकळं राहील.

पारापाशी मोळी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच ते बायकांबरोबर निघाले. सुरुवातीला सगळ्या अवघडल्या. एरवी वाटेनं सासवा, सुना, नवरे, सगळ्यांचं निघायचं. आज सगळ्या मुकाट चालल्या. तातेरावांच्या ते लक्षात आलं आणि ते मुद्दाम थोडे मागं राहिले. मग पुढं हळूहळू बोलणं सुरू झालं, आणि डोंगराच्या चढणीला लागेपर्यंत त्या त्यांना विसरूनही गेल्या.

बेबीनंदानं त्यांना सरपण शिकवलं. शेवग्याचं लाकूड भुर्रकन जळून जातं, त्याच्या वाटेला जायचं नाही. बाभळीचा विस्तव टिकतो. धावड्याच्या झाडाचं वाळलेलं खोड मिळालं तर दुसरं काही बघायचं नाही. ओल्या झाडाला कोयता लावायचा नाही, पडलेलं, वाळलेलं तेवढंच घ्यायचं. फॉरेस्टवालेही मग काही म्हणत नाहीत. तातेरावांच्या त्या दिवशी बोटांत काटे गेले, मान अवघडली आणि संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडतानाही बोटं ठणकली. पण मोळी पारापाशी सुटली नाही.

उतरताना अर्ध्या वाटेवर छातीएवढा एक धोंडा होता. एकटीदुकटी बाई त्यावर पाठीमागून मोळी टेकवून दम खाऊ शके. उतरवायला आणि चढवायला कुणाची गरज पडत नसे. बायका पुढे गेल्या. बेबीनंदा थांबली आणि म्हणाली,

"टेकवा इथं. उषावैनी इथंच टेकवायची."

तातेरावांनी मोळी टेकवली. धोंड्याची कड घासून गुळगुळीत झाली होती. खाली गाव दिसत होतं, मक्याची कापलेली रानं दिसत होती, आणि गावाकडून निघालेली भोकरदनची सकाळची गाडी धूळ उडवत वळण घेत होती. ही आपली गाडी. एवढी वर्षं आपण त्या गाडीत, आणि उषा इथं उभी राहून हे बघत असणार. कडाक्याच्या थंडीत पहाटेच्या ड्यूटीला निघताना अंगणातल्या चुलीवर पाणी नेहमी तापलेलं असायचं. पाणी कसं तापतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पाणी तापलेलंच असतं, असं त्यांना वाटायचं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बेबीनंदा दुसरीकडं बघत उभी राहिली. मग दोघं उतरायला लागले.

त्या आठवड्यात परतीचा पाऊस आला. तातेरावांनी म्हातारीच्या दारात उघड्यावर रचलेलं सरपण चिंब भिजलं. साचलेल्या पाण्यात राहिलेली खालची लाकडं नुसती धुमसायची. चूल पेटवता पेटवता म्हातारीच्या खोलीत धूर भरला आणि ती खोकून खोकून बेजार झाली. तातेराव रागावले ते स्वतःवरच. ऊन पडल्यावर त्यांनी सगळी चळत मोडली, लाकडं पसरून वाळवली, खाली दगडांची रांग मांडली, त्यावर आडवी जाड लाकडं टाकून चळत भिंतीलगत पुन्हा रचली आणि वरून ताडपत्री बांधली. भारत नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर मक्याची मळणी चालली होती. दाणे निघून उरलेली रिकामी कणसं त्यांनी तिथून पोत्यांनी आणली. ती पेटायला बरी. म्हातारी दारात बसून सगळं बघत होती, मधूनच सांगत होती, तिकडची बाजू कलून राह्यली, इकडून दगड लाव. तिच्या बोलण्याला धार होती. तातेरावांना बरं वाटलं. उषाबाई गेल्यापासून त्यांच्यावर असं हक्कानं कुणी खेकसलं नव्हतं.

म्हातारीचं पुरेसं झालं, तरी ते डोंगराला जातच राहिले. आता आपल्या पडवीतही चळत उभी राहू लागली. कशाला, असं बेबीनंदानं विचारलं नाही. त्यांनाही कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. काढून ठेवलेली कपड्यांची पेटी पडवीत आडवी यायला लागली, तेव्हा त्यांनी ती उचलून परत आतल्या खोलीत ठेवली.

दिवाळीत सुमित आणि दीपमाला आले. गाडीतून उतरताच सुमितला पडवी दिसली. छपरापर्यंत भरलेली. तो पार हिरमुसला. गावातल्या कुणीतरी त्याला फोनवर आधीच सांगितलं होतं, की तुझा बाप डोक्यावर लाकडं वाहतो. लोकांनी काय समजायचं, पोरगा असून बापाला हे दिवस आले? त्याने आवाज चढवला नाही, पण त्याच्या बोलण्यातली दुखरी जागा तातेरावांना बरोबर कळली. त्यांनी त्याला गिरिजामावशीचं सगळं सांगितलं. सुमित म्हणाला, तिची टाकी मी भरून देतो, शेगडी नवीन आणून देतो.

"दे," तातेराव म्हणाले. "लई बरं होईल. पण पेटवायला ती भिते. आन् पाणी उचलून न्हाणीत ठेवायला कुणीतरी लागतं."

"बाबा, आमच्याकडं तुम्हाला काय कमी पडलं असतं?"

"कमी काहीच न्हाई. दीपमाला ताट वाढून हातात देईल, हे मला ठाऊक हाय. पण तिथं मी बसून राहीन. इथं सकाळी कुणीतरी माझी वाट बघतंय." ते थोडं थांबले. "तुझी आई हे करून राह्यली होती. मला आत्ता कुठं कळलं."

सुमित पिशव्या उचलून आत ठेवायला गेला. रात्री जेवताना दीपमालानं सासऱ्याला हळूच विचारलं, की उन्हाळ्यात तरी याल ना? उन्हाळ्यात सरपणाचं काय काम, तातेराव म्हणाले, आमरस खायला येतो.

सकाळी अंगणातल्या चुलीवर पाणी कडकडीत तापलं होतं. सुमितनं बादली भरून घेतली. जालन्याला बटण दाबलं की नळाला गरम पाणी येई, पण या पाण्याला धुराचा वास होता. लहानपणी शाळेत जाताना केसांना तोच वास यायचा आणि त्याची लाज वाटायची. आता त्याने बादलीतलं पाणी सावकाश, पुरवून पुरवून अंगावर घेतलं. बाहेर आला तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात बाभळीचं एक जाडजूड खोड पडलेलं त्याला दिसलं. तातेरावांच्यानं ते फुटलं नव्हतं. सुमितनं कुऱ्हाड घेतली. पहिले दोन घाव फुकट गेले. तातेराव ओट्यावर बसून बघत होते. शिरेच्या बाजूनं मार, एवढंच म्हणाले. खोड फुटलं तेव्हा बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि जालन्याला जाण्याचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. जाताना सुमितनं बापाला जाड स्वेटर दिला आणि मफलर नीट गुंडाळत जा म्हणून बजावलं.

मार्गशीर्षात थंडी खरी पडली. डोंगराकडून वारं सुटलं की अंगणातलं पाणीसुद्धा हाताला चावायचं. एका सकाळी तातेराव गिरिजामावशीकडे आले. चूल पेटवली, पाणी तापवलं, बादली भरून न्हाणीत नेऊन ठेवली आणि म्हातारीला धरून पाटावर बसवलं. मग बाहेर येऊन, गल्लीकडे तोंड करून ओट्यावर बसले. आतून तांब्याचा आवाज यायला लागला. बादलीत बुडायचा, अंगावर रिता व्हायचा, थोडा थांबायचा. फटीतून वाफ बाहेर येत होती. समोरून शाळेला निघालेली मुलं पळत गेली. कुणीतरी रामराम घातला, तातेरावांनी नेहमीप्रमाणे जयभीम म्हणत हात वर केला.

आवाज थांबला. म्हातारीनं आतून हाक मारली.

"तातेराव, आजूक कढत हाय का रे?"

"हाय की, मावशे."

"मंग एक तांब्या दे. पाठ राह्यली."

तातेराव उठले. चुलीत एक लाकूड आत सारलं, पातेल्यातलं पाणी तांब्यात घेतलं, बोट बुडवून पाहिलं, त्यात जरा गार मिसळलं, आणि न्हाणीच्या दाराच्या पडद्याआडून हात आत केला.