आधी घोडे काढा

मी बोलतोय, बुद्धिबळाच्या पटावरचं उजव्या कडेचं पांढरं प्यादं. बोलतोय म्हणजे वैतागून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो.

सुताराने मला कातलं तेव्हा वाटलं, हत्तीपुढे निवांत उभं राहू. पण नशिबी आला घड्याळजी. एरवी भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग तासन्‌तास बसवणारा हा माणूस डावाला बसला की पहिल्याच चालीला मला दोन घरं पुढे ढकलतो. का, तर बारा वर्षांपूर्वी असंच करून त्याने शेजारच्या औषधवाल्याला हरवलं होतं. औषधवाल्याला त्या दिवशी ताप होता, हे तो सोयीस्कर विसरतो.

मी लवकर पुढे गेलो की एखादा बिचकतो, हे मान्य. हत्तीलाही थोडी वाट होते. पण तेवढ्यात समोरचा घोडे-उंट काढून मधली घरं बळकावतो आणि मी एकटा मार खातो. बरं, प्याद्याला मागे फिरता येत नाही. हे यांना कोण सांगणार? पालथ्या घड्यावर पाणी!

यंदा त्याच्या लेकीची निवड स्पर्धा होती. शेवटचा डाव जिंकली तरच संघात जागा. पट ज्याचा त्याने आणायचा, म्हणून मीही गेलो. बापाने निघताना बजावलं होतं की पहिली चाल आपल्या घराण्याचीच खेळायची. एका तापकऱ्याला हरवलं आणि झालं घराणं!

तिचा हात माझ्यावर आला. मागे बाप मान उंचावून उभा. मी मनात हात जोडले. हात सरकला आणि राजापुढचं प्यादं पुढे गेलं. एकेचाळीस चाली मी जागचा हललो नाही. ती जिंकली.

घरी येताच बाप भिंग लावून एक घड्याळ उघडून बसला. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, रागावलात?"

"मी शिकवलेलं काहीच खेळली नाहीस."

"दुकानात तुमच्या शेजारी बसून घाई न करायला शिकले. तेच खेळले की."

त्याने भिंग पुसलं, मग डोळे. मलाही गहिवरून आलं. वाटलं, सुधारला. पट मांडून तो लेकीसमोर बसला आणि मला उचलून थेट दोन घरं पुढे ठेवलं.

मंडळी, तुमच्या पाया पडतो. आधी घोडे काढा, राजाला कोटात बसवा, मग हाक मारा. मी नाही म्हणणार नाही. आत्ता मात्र तिचा उंट माझ्यावर डोळा ठेवून आहे, आणि हा गृहस्थ खुशीत चहा मागवतोय.