ठसका आला न्हाई

तड्! इंगळावर मीठ फुटलं आणि आसरा दचकली. मांडीवर तिचा तान्हा मच्छिंद्र. सकाळपासून तो अंगावर पीत नव्हता. ताप नाही, पोट मऊ. पण पाजायला घेतलं की मान फिरवायचा. बाप कापसाची गाडी घेऊन परतूरला गेलेला. निजामाच्या राज्यातलं ते आडगाव, दवाखाना कुठला जवळ?

सासूनं, चतुराबाईनं, मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या लेकरावरून उतरवून चुलीत टाकल्या होत्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण ठसका म्हणून कुणाला आला नाही.

"बघ. दृष्टच हाय. नसती तर खोकून खोकून जीव गेला असता आपला. दुपारी कोण आल्तं?"

"झुंबरबाई. पण आत्याबाई, तिनं नुसतं खेळवलं त्याला."

"तेच तर! पदरात लेकरू न्हाई तिच्या. 'कसा लोण्याचा गोळा हाय' म्हणली असंल."

म्हणली होती. आसरानं मान खाली घातली. या गावात मन मोकळं करायला तिला तेवढी एक झुंबरबाईच होती.

चतुराबाईनं पाच वर्षांच्या नातीला, दुर्गीला, शेजारी पिटाळलं, झुंबरबाईच्या पायाखालची माती गुपचूप आणायला. दुर्गीनं माती आणली, आणि मागोमाग झुंबरबाईलाही.

"मावशी, मला सांगितलं असतं तर पायच घेऊन आले असते की!" झुंबरबाई हसली, पण हसू ओठावरच राहिलं. "टाका. बिनघोर टाका."

माती मिरच्यांत मिसळून पुन्हा उतरवली. आता असा ठसका उठला की लेकरासकट सगळ्या अंगणात पळाल्या.

"उतरली नजर," डोळे पुसत चतुराबाई म्हणाली.

"का माझी नव्हतीच?" झुंबरबाईनं विचारलं.

आसरानं लेकराला पुन्हा पाजायला घेतलं, पण ते रडत मान फिरवतच होतं.

"आईचीच नजर सगळ्यात जल्दी लागती म्हणत्यात," झुंबरबाई हळूच म्हणाली.

आसरा गार पडली. काल तो झोपलेला असताना, दळण तसंच टाकून, ती त्याच्याकडं बघत बसली होती. मिटलेल्या पापण्या, मुठी, ओठावरचा दुधाचा बुडबुडा. बघून मन भरेना. निजल्या लेकराकडं असं बघू नये, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तिनं अडखळत सांगून टाकलं.

"मंग आता तोंड फिरवून पाज," चतुराबाई म्हणाली. "बिलकुल नजर पडू द्यायची न्हाई."

आसरानं पदर हनुवटीपर्यंत ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि लेकराला चाचपडत छातीशी धरलं. दुधानं चोळी भिजत होती. इवलासा हात वर आला, पदरावरून फिरला, तिच्या गालाशी थबकला. रडणं थांबलं. तोंड मात्र उघडेना.

दुर्गी वाकून दोघांकडं बघत होती.

"माय, तू त्याच्याकडं बघणारच न्हाईस, तर तू हाईस हे त्याला कसं कळंल?"