हेमा मॅडमचं कोरं पान

शनिवार पेठेतल्या माणसाला सरळ बोल म्हणणं म्हणजे कारल्याला गोड हो म्हणण्यातलंच. पण विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या हेमा सरपोतदारांना दोन हजार अकरा साली जे पत्र आलं, त्यात नेमकं तेच लिहिलं होतं. स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी नवी योजना, एका विद्यार्थ्यामागे एक प्राध्यापक, आणि सूचना क्रमांक एक: ‘टोमणे व तिरकस बोलणे टाळावे.’ विभागाचा शिपाई कोंडीराम धायरीचा, तोंडाचा फटकळ. त्यानं हेमाबाईंना तोंडावर विचारलं, “बाई, मग तुमी बोलणार काय?”

बाईंच्या वाट्याला आली भंडाऱ्याची अक्षता गजभिये. आकड्यांत वाघीण! पण कुणी हात लावला की अंग चोरणार, हॉर्न वाजला की कान झाकणार, आणि बोललेला शब्द जसाच्या तसा धरणार. पहिल्याच आठवड्यात ती दहा मिनिटं उशिरा आली, तेव्हा बाई सवयीनं बोलून गेल्या, “इतक्या लवकर कशाला आलात? तासाभरानं यायचं की!” दुसऱ्या दिवशी पोरगी बरोबर एक तास उशिरा हजर. बाई चिडल्या, तर तिनं निमूटपणे आपली वही पुढे केली.

त्या वहीत तिनं माणसांच्या बोलण्याचे अर्थ लिहून ठेवले होते. ‘बघू = नाही.’ ‘डोकं खाऊ नकोस = प्रश्न थांबव.’ ‘चहा घेणार का (उभ्यानं विचारलं तर) = नको म्हण.’ बाईंना आधी हसू फुटलं, आणि मग आपली आपल्यालाच लाज वाटली. किती खोटं बोलतो आपण दिवसभर, आणि या लेकरानं ते एकेक करून पाठ करायचं! बाईंनी त्या दिवशी कानाला खडा लावला.

“अक्षता, माझ्या नावाचं एक वेगळं पान कर,” त्या म्हणाल्या, “आणि ते कोरं ठेव. मी जे बोलेन त्याचा अर्थ तेवढाच. हा माझा शब्द.”

तिनं वर लिहिलं, ‘हेमा मॅडम’. खाली काही नाही. दीड वर्ष ते पान कोरं राहिलं, आणि बाईंना त्याचा अभिमान होता हो! पेठेत, घरात, भाजीवाल्यापाशी जीभ मोकाट सुटायची, पण अक्षतासमोर बाई शब्द निवडून बोलायच्या, तांदूळ निवडावेत तशा.

शेवटच्या वर्षाच्या जानेवारीत हिंजवडीची एक मोठी कंपनी विद्यापीठात मुलाखती घ्यायला आली. अक्षता लेखी परीक्षेत पहिली. आदल्या संध्याकाळी तिच्या वडिलांचा, पोस्टात असलेल्या भीमरावांचा, फोन आला. “जयभीम, मॅडम. नोकरी लागली तर पोरगी पुण्यात राहील. नाही तर मे महिन्यात घरी आणावी लागते. इथं तिला लोक वेडी म्हणतात, मॅडम. ती घरात बसून राहील.” “काळजी करू नका, मी आहे ना,” त्या म्हणाल्या.

मंगळवारी बाई अक्षताला घेऊन मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या. दोन वाजता हिचा नंबर. काय विचारतील, कुठे बघायचं, पाणी कधी मागायचं, सगळी उजळणी झाली. अक्षता शांत होती. दीड वाजत आला तसं बाईंना आठवलं, घरी गॅसवाला यायचाय. सिलिंडर संपून तीन दिवस झालेले, आज चुकला तर तो परत आठ दिवस तोंड दाखवायचा नाही. इथलं काम तर झालंच होतं. बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली, म्हणाल्या, “छान होईल सगळं. येते मी.” आणि गेल्या.

सिलिंडर आला. बाईंनी गरम आमटीभात खाल्ला आणि पुणेरी शिस्तीनं जरा आडव्या झाल्या. पाच वाजता चहाचं आधण ठेवताना फोन वाजला. कोंडीराम होता.

“बाई, तुमची पोरगी अजून बाकावरच बसल्याली हाय. उठंना झालीया.”

“मुलाखत कशी झाली म्हणते?”

“झालीच न्हाई की! तीनदा नाव पुकारलं. ती म्हणती, मॅडम येते म्हणाल्यात, त्या आल्यावर जाईन. त्या हापिसातल्या रुपालीनं यादीत गैरहजर लिवलं. कंपनीवाले गेले बी.”

येते! आईनं लहानपणी थोबाडीत देऊन शिकवलेलं: घराबाहेर पडताना जाते म्हणू नये, अभद्र असतं, येते म्हणावं. पन्नास वर्षं जिभेवर बसलेला शब्द. दीड वर्ष सगळे शब्द निवडले, आणि हा खडा तसाच राहिला! गॅस बंद केला की नाही हेही बाईंना रिक्षात बसल्यावर आठवेना.

अक्षता बाकाच्या त्याच टोकाला, फाइल मांडीवर धरून ताठ बसली होती. ओठ कोरडे पडले होते. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला.

“आलात,” ती म्हणाली. “तीन तास बावन्न मिनिटं लागली.”

“अगं, नाव पुकारलं तर जायचं होतं ना!”

“तुम्ही येते म्हणालात. बाकीचे लोक येतो म्हणतात आणि जातात, ते वहीत आहे. पण तुमचं पान कोरं आहे.” मग तिनं जरा समजूत घातल्यासारखं म्हटलं, “आणि तुम्ही आलात. म्हणजे पान बरोबर होतं.”

बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. देवा रे, ही पोर समजतेय की मी शब्द पाळला! नोकरी गेली, वडिलांची आशा गेली, चार तास घोटभर पाणी नाही, आणि तिला आनंद कशाचा, तर मॅडम खऱ्या निघाल्या याचा. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? कोंडीरामही काही सांगायला गेला नसता. बाईंच्या मनात ते येऊन गेलं, खोटं कशाला सांगा. पण त्यांच्याच्यानं गप्प बसवेना.

“अक्षता, मी परत येणार नव्हते. मी घरी गेले होते. येते म्हणाले ते बाकीचे म्हणतात तसंच. कोंडीरामचा फोन आला म्हणून धावत आले. चूक माझी आहे, सगळी माझी.”

अक्षता पुढेमागे डुलायला लागली. बराच वेळ डुलत राहिली. मग तिनं वही काढली, ते पान उघडलं, आणि कोऱ्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘१. येते = जाते.’ तिनं पेन उचललं नाही.

“दुसरं काय काय आहे?” तिनं विचारलं. “सगळं सांगा. मी नंबर घालते.”

बाईंना आयुष्यात कुणी असं थोबाडलं नव्हतं. आणि त्या पोरीच्या आवाजात राग म्हणून नव्हता! बाई उठून कोपऱ्यात गेल्या आणि कंपनीच्या साहेबांना फोन लावला. विनवण्या करणं त्यांच्या रक्तात नाही, पण केल्या. चूक मुलीची नाही, माझी आहे, मी लेखी देते, म्हणाल्या. पाच मिनिटं साहेबांनी नाही नाही म्हटलं, शेवटी म्हणाले, शनिवारी दहाला हिंजवडीच्या ऑफिसात पाठवा, बरोबर कुणी नको, एकटी आली तर बघतो. बाईंनी बाकापाशी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

“बघू म्हणजे नाही,” अक्षता लगेच म्हणाली.

“या वेळी तसं नाही. मी दोनदा विचारून घेतलं. शनिवारी दहाला तुझी मुलाखत आहे.”

अक्षतानं भिंतीकडे बघत विचारलं, “हे येतेसारखं आहे, की खरं आहे?”

“खरं आहे.”

“कशावरून?”

संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, पण या प्रश्नाला बाईंकडे पुरावा नव्हता. त्यांनी कोंडीरामकडून पाणी आणवलं, ती पूर्ण तांब्या प्यायली. मग अंधार पडायच्या आत तिला होस्टेलवर पोचवलं पाहिजे म्हणून तिघं खाली आले. होस्टेलच्या पायरीशी बाई थांबल्या. सवयीनं शब्द ओठावर आलाच होता. त्यांनी तो गिळला.

“अक्षता,” त्या म्हणाल्या, “मी जाते.”

“अहो बाई!” कोंडीराम दचकला. “सांजच्या पारी असलं अभद्र काय बोलताय? येते म्हना, येते!”

“जाते,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. जणू आईच समोर उभी होती. “घरी जाते. आज परत येणार नाही. उद्या सकाळी अकराला विभागात भेटेन.”

आणि त्या वळून चालू लागल्या. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. फाटकाबाहेर येऊन रिक्षाला हात केला, तेवढ्यात मोबाइल वाजला. अक्षताचा मेसेज होता.

‘खिडकीतून पाहिलं. तुम्ही खरंच गेलात. पानावर लिहिलं: २. जाते = जाते. शनिवारी दहाला मी पण जाते.’