सहा पावलं

“तेवढं सोडून बाकी सगळं बदल,” ठेक्या म्हणाला. “चालतंय ना? मग कशाला उकरतोस?”

आमचा तालाचा गेम आहे. गाणं वाजतं, वरून टिकल्या पडतात, टिकली रेषेवर आली की खेळणाऱ्यानं कळ दाबायची. गाणी ठेक्याची. बसल्या जागी त्याचा पाय ठेका धरतो, म्हणून शाळेपासून तो ठेक्या. प्रोग्राम माझा. आणि टिकली कुठे पडायची, ते माझी बायको ठरवायची. गाणं लावून ती कळ दाबत जायची, आणि लेव्हल बनवायचा माझा प्रोग्राम, म्हणजे एडिटर, तिथे टिकली ठेवायचा. तिच्या लेव्हल्स खेळणारे लोक तिला पत्रं लिहायचे.

ती जाऊन सात महिने झाले. एडिटरचा कोड बारा वर्षांचा, ठिगळं लावलेला. हाताला काम हवं म्हणून मी तो नीट करायला घेतला. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली होती, ती एकत्र केली. वापरात नसलेलं काढलं. राहिला तो टिकली सरळ करणारा भाग. ती फार घाईची. बस सुटायच्या अर्धा तास आधी जाऊन उभी राहणारी. कळही ठोक्याच्या जराशी आधीच दाबायची. म्हणून मी टिकली आपोआप ठोक्यावर सरकेल असं केलं होतं. पण दाबल्याची खरी वेळ फाइलमध्ये तशीच राहायची.

“खरी वेळ फिकट ठिपक्यानं दाखवतो,” मी म्हणालो. “लेव्हल करणाऱ्याला आपली चूक दिसेल.”

“कुणाला हौस आहे चूक बघायची?”

मला होती. तिचा हात बघायचा होता. तिच्या जुन्या लेव्हल्स उघडल्या. प्रत्येक ठिपका टिकलीच्या आधी.

“बघ, आल्याच बाईसाहेब आधी!”

ठेक्या हसला नाही.

मग आजारपणातल्या शेवटच्या चार उघडल्या. त्यांतले ठिपके टिकल्यांच्या नंतर होते. एकूण एक. वाटलं, आपलंच वजाचं अधिक झालं. कोड पुन्हा वाचला. बरोबर होता. ठेक्या नेहमी ठोक्यावर रेलून वाजवतो, किंचित मागे. हे मला शाळेपासून माहीत आहे.

“या तू केल्यास?”

त्याचा पाय थांबला होता.

“औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती रे. कळ दाबलीय की नाही, तेच कळायचं नाही. वहिनींनी शपथ घातली, तुला सांगायचं नाही.”

“तू तर रोज दुपारी गप्पा मारायला यायचास.”

“त्या सांगायच्या, इथे दाबा, तिथे नको. मी दाबायचो. दमून त्यांचा डोळा लागायचा. त्याआधी म्हणायच्या, भाऊजी, वाजवत राहा. आवाज थांबला तर तो धावत येईल.”

मी शेजारच्या खोलीत हाच एडिटर दुरुस्त करत बसलेला असायचो. भिंतीपलीकडून टकटक ऐकू यायची. वाटायचं, हात चालतोय म्हणजे उतार पडतोय. म्हणून मी उठत नव्हतो. ठेक्याला जाताना चहा द्यायचो, वर त्याचे आभार मानायचो. तिला विचारलं की म्हणायची, “झकास चाललंय. तू तुझं संपव.”

“तुला त्रास नको म्हणून रे—”

“तिच्याजवळ बसायचे दिवस होते माझे ते. तुम्ही दोघांनी परस्पर वाटून घेतलेत.”

मी भिंतीपलीकडच्या तिच्या खोलीकडे बोट दाखवलं.

“जा, तिच्या खुर्चीत बस,” मी म्हणालो. “शेवटची लेव्हल लाव आणि दाब.”

“कशाला आता?”

“जा म्हणतोय ना.”

तो गेला. दार लोटल्याचा आवाज आला. मग टकटक सुरू झाली. अगदी तशीच.

मी उठलो. माझ्या खुर्चीपासून तिच्या दारापर्यंत सहा पावलं भरली. दार उघडलं, तशी टकटक थांबली.