समीक्षाचा शेरा

समीक्षानं शब्दाखाली बोट ठेवलं.

“कु... ठे...” दोन्ही आवाज तिनं सावकाश काढले, ओठातल्या ओठात जोडले आणि एकदम हसली. “आई कुटं गेली?”

पुढची ओळ तिनं बोट न लावताच वाचली. “आई घरी न्हाई.”

विहंगनं टॅबवर ‘चूक’ दाबलं. मग पुन्हा एकदा ‘चूक’.

तो पुण्याहून तिसरीच्या वाचनाची तपासणी करायला आला होता. शिक्षकांनी मध्ये बोलायचं नाही, हे आल्याआल्याच सांगून मोकळा झाला होता. वर्गाच्या रजनीबाईंनी तासभर तोंड दाबून धरलं होतं, पण आता त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

“सर, यात चूक कुठली?”

“मॅडम, पानावर ‘कुठे’ आहे, ‘नाही’ आहे. ती भलतंच म्हणाली.”

“भलतंच? अहो, ‘ठे’चा आवाज तुमच्यासमोर काढला ना तिनं? अर्थ कळला, म्हणून घरी बोलतात तसं बोलली. कळणं हा गुन्हा झाला का?”

“मी काय करणार? पर्याय दोनच आहेत. बरोबर नाहीतर चूक.”

वा रे पर्याय! तिच्या आधी समर्थनं खिडकीबाहेरच्या शेळीकडे बघत अख्खा उतारा घडाघडा म्हणून दाखवला होता. उतारा गेल्या वर्षीचाच, त्याला पाठ. त्याच्यापुढे ‘उत्तम’!

समीक्षानं दोन वर्षं अक्षरगटात, पहिलीच्या बारक्या पोरांत काढली होती. पोरं तिला ‘बालवाडी’ म्हणून चिडवत. महिनाभर ती शाळेतच फिरकली नाही, तेव्हा रजनीबाई तळेगावहून शाळेला येता येता तिच्या घरी वाकडी वाट करून गेल्या आणि तिला घेऊन आल्या. अक्षराचं नाव राहू दे, आवाज सांग, असं करत करत त्यांनी तिला शब्दांपर्यंत आणलं. परवा तिनं एसटीची पाटी वाचली, तेव्हा आपली गाडी निघून गेली तरी बाई हसत उभ्या. पण आजीनं, सरुबाईंनी, बजावून ठेवलं होतं, “पुन्यांदा बारक्यांत बसवली, तर न्हाई धाडायची मी.”

विहंगनं शाळेचं शेरेबुक ओढलं, चार ओळी लिहिल्या, सही केली.

“मनाला लावून घेऊ नका, मॅडम. पुढच्या वर्षी होईल.”

रजनीबाईंनी शेरेबुक उचललं आणि समीक्षापुढे ठेवलं.

“वाच गं.”

“अहो, ते मुलांसाठी नाही—”

“वाच.”

अक्षर घाईचं, तिरपं होतं. समीक्षा वाकली. पहिल्या शब्दातल्या ‘क्ष’ला ती अडली नाही, तो तिच्या नावातलाच होता.

“समीक्षाला... श... ब्द... शब्द वाचता येत न्हाईत.” ती जराशी थांबली. “अक्षर... गटात... बसवावं.”

समीक्षानं मान वर केली, बाकांवरून नजर फिरवली.

“बाई, ही कोनती समीक्षा? आपल्यात तर मी एकलीच हाय.”

विहंगनं शेरेबुक मिटायला हात पुढे केला. रजनीबाईंनी पानावरचा आपला पंजा उचलला नाही.

“थांबा सर. खाली तुमचं नाव आहे, तेही वाचू द्या तिला.”