अर्ध्यावर ठेवलेली टाकी

मी टाकी बोलतेय. डिझेलची. ‘अर्ध्याच्या वर भरून घ्यायचं नाही आणि का ते विचारायचं नाही,’ एवढीच शिकवण मला जन्मभरात मिळाली. शिकवण देणारे गेले, ऐकणारे म्हातारे झाले, मी गंजले. शिकवण तेवढी कालपरवापर्यंत ठणठणीत होती.

तुम्ही मला पाहिलं नसणार. गाडी बघायला येणारे लोक टायरला लाथ मारतात, हॉर्न वाजवतात, आरशात स्वतःचे केस नीट करतात. वाकून गाडीच्या पोटाखाली कोण बघतं? मी तिथंच होते. सोलापूरच्या मंगळवार पेठेत एक भांड्यांचं दुकान आहे, त्या दुकानाच्या जुन्या पिकअप गाडीच्या हौद्याखाली, दोन पट्ट्यांनी आवळलेली.

जन्म माझा अगदी साधा. लोखंडाचे दोन पत्रे दाबून परातीसारखे खोलगट केले, एका परातीवर दुसरी पालथी घातली आणि कडेला कड जोडून टाकली. झाले मी. बाहेरून काळा रंग दिला, आतून काहीच नाही. आतून कोण बघणार, असं त्यांना वाटलं असावं. माणसंसुद्धा पाहुणे येणार म्हणून दिवाणखानाच आवरतात, तसलाच प्रकार.

गाडी विकत घेतली मल्लप्पांनी. दुकान त्यांनीच सुरू केलेलं. गाडी ताब्यात घेताना त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. धोतर सावरत खाली वाकले आणि मला बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघितलं. हंडा घेताना वाजवतात तसं.

‘पत्रा बरा हाय,’ ते म्हणाले, ‘पण कल्हई कुटं हाय?’

विकणारा हसला. मल्लप्पा हसले नाहीत. भांड्याच्या बाबतीत ते कधीच हसायचे नाहीत.

आता त्या शिकवणीचा जन्म सांगते, कारण तो फक्त मलाच माहीत आहे. गाडी नवीन होती तेव्हा मल्लप्पा एका लग्नाला बार्शीला निघाले. जाता जाता बाजारात भांडी पोचवायची होती. भांड्यांवर लक्ष ठेवायचं म्हणून ते स्वतः मागे हौद्यात बसले, कारण ड्रायव्हरवर त्यांचा विश्वास नव्हता आणि देवावर थोडाच होता. वाटेत मला काठोकाठ भरलं आणि माझ्या तोंडाचं झाकण पंपावरच राहिलं. ड्रायव्हरनं तोंडात फडकं कोंबलं. पहिल्याच वळणाला फडकं उडालं आणि माझ्यातलं डिझेल मल्लप्पांच्या कोऱ्या धोतरावर. मी मुद्दाम केलं नव्हतं. वळणच तसं होतं.

लग्नात त्यांच्या शेजारी पंगतीला कुणी बसेना. वाढप्यांनीही त्यांना लांबूनच वाढलं. परत येताना ते कडाडले, ‘झाकण येईपर्यंत टाकी अर्ध्याच्या वर भरायची न्हाय!’

झाकण पुढच्याच बाजारादिवशी आलं. हुकूम मागे घ्यायचं राहून गेलं.

बस्स. एवढंच. यात ना शास्त्र, ना शकुन. पण मल्लप्पा वारले आणि त्यांचा हा वैताग घरात धर्म होऊन बसला. थोरले चिरंजीव शिवयोगी सांगायचे, ‘सोलापूरचं ऊन आहे, डिझेल फुगतं.’ धाकटे पंचाक्षरी सांगायचे, ‘भरलेली टाकी बघून चोर येतात.’ आणि मल्लप्पांची बायको शांतम्मा कारणाच्या भानगडीतच पडायच्या नाहीत. ‘त्यांनी सांगितलंय,’ असं म्हणून त्या डोळे मिटायच्या. डोळे मिटलेल्या बाईशी कोण वाद घालणार?

मी घातला असता. पण टाकीला तोंड असतं ते फक्त गिळायला.

अर्धपोटी राहण्याचं मला दुःख नव्हतं. दुःख वरच्या अर्ध्या भागाचं होतं. खालचा भाग डिझेलात बुडून सुखात असायचा. वरचा उघडाच. दिवसभर गाडी तापायची, पहाटे गार व्हायची, आणि माझ्या आतल्या हवेतली ओल पत्र्याला थेंब होऊन चिकटायची. असे थेंब वर्षानुवर्षं. आधी तांबूस डाग आले, मग पापुद्रे, मग त्याची पूड व्हायला लागली. वरून ती डिझेलात पडायची आणि नळीत जाऊन अडकायची. गाडी खोकायची. शिवयोगी खाली उतरून बॉनेटला नमस्कार करायचे. माझ्याकडे कुणी बघायचं नाही.

मग दानेश्वरी आली.

म्हणजे ती घरातलीच, शिवयोगींची मुलगी, पण गाडीवर आली ती बी.एस्सी. झाल्यावर. आधीचा ड्रायव्हर सोडून गेला होता. ती म्हणाली, ‘अप्पा, मी नेते गाडी.’ अप्पा, म्हणजे शिवयोगी, म्हणाले, ‘डोकं फिरलंय का तुझं?’ ती म्हणाली, ‘हो,’ आणि किल्ली घेऊन गेली.

मोहोळ, कुर्डुवाडी, माळशिरस. आठवडी बाजारात ती गाडी उभी करायची, हौद्याचं फाळकं पाडायची आणि कुकर, कढया, डबे मांडायची. बायकांचा गराडाच पडायचा. भांडं हातात घेऊन ‘अगं, पण हे करपतं का?’ असं तिला मोकळेपणी विचारता यायचं, अप्पांना विचारता येत नव्हतं. दुकानापेक्षा हौद्यावरची विक्री वाढली. घरात हे कुणी बोलून दाखवायचं नाही, पण दानेश्वरी परत आली की अज्जी, म्हणजे शांतम्मा, तिला गरम भाकरी करून घालायच्या. त्यावरून मी ओळखायचे.

आणि अशा वेळी मी तिचा घात केला. माळशिरसच्या वाटेवर माझ्या गंजाचा एक मोठा पापुद्रा नळीत बसला आणि गाडी भर उन्हात उसाच्या ट्रॉल्यांमध्ये बंद पडली. बाजार बुडाला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. गाडी ओढून बसू वेल्डरकडे आणली. त्यानं मला खाली उतरवलं, आत डोकावला आणि तोंड वाकडं केलं.

‘आजकालचं लोखंडच तसलं,’ बसू म्हणाला.

आजकालचं? मी तुझ्या जन्माआधीची आहे रे!

‘नवीन टाकी करू या,’ दानेश्वरी म्हणाली.

‘कशाची?’ बसूनं विचारलं.

एवढ्या एका शब्दावर त्या घरात महायुद्ध पेटलं. दुसऱ्यांच्या घरी विचारलं असतं तर ‘पत्र्याची’ म्हणून विषय मिटला असता. पण हे पडले भांडेवाले. मला त्यांनी दुकानाच्या पायरीवर आणून ठेवलं आणि माझ्याभोवती खुर्च्या टाकून बसले.

‘तांब्याची करायची,’ अप्पा म्हणाले. ‘आतून कल्हई. तांब्यात ठेवलेली वस्तू शुद्ध राहते.’

‘अप्पा, ते पाण्याचं झालं. तांब्यात डिझेल ठेवलं तर खराब होतं, चिकट गाळ धरतं.’

‘तू तांब्याचं शिकवणार मला? माझी हयात गेली तांब्यात!’

‘तुमची गेली, डिझेलची नाही ना गेली?’

पंचाक्षरी काकांनी हात वर केला. दुकानातला प्लास्टिकचा कोपरा त्यांचा. ‘प्लास्टिक! गंज नाही, वजन नाही. माझ्याकडे पिंप आहे एक, झाकणासकट.’

‘काका, ते लोणच्याचं पिंप आहे.’

‘धुऊन देतो की!’

‘आणि हौद्याखाली उभं कसं बसवायचं ते?’

‘आडवं घाल.’

‘झाकणातून गळेल.’

‘मग अर्ध्यावर भर!’ असं म्हणून काकांनी विजयानं सगळ्यांकडे पाहिलं.

बसू मधेच म्हणाला, ‘ॲल्युमिनियम हलकं पडतं बघा. बादलीचा पत्रा पण चालंल, जस्ताचा.’

‘जस्त नको. डिझेलला चालत नाही,’ दानेश्वरी म्हणाली. ‘ॲल्युमिनियम चालेल. पण आपली गाडी हादरते किती! जोडाला चीर गेली तर?’

‘ब्याड, ब्याड!’ अज्जींनी कानडीत दोन्ही हातांनी नको म्हटलं. ‘ॲल्युमिनियममध्ये आमटी काळी पडते.’

‘अज्जी, आमटी नाही करायची त्यात.’

‘आज नाही करायची. उद्याचं काय सांगावं?’ अज्जी म्हणाल्या. ‘स्टीलची करा. माझ्या लग्नातला स्टीलचा डबा बघ. अजून तोंड दिसतं त्यात.’

दानेश्वरीनं टाळी वाजवली. ‘मीपण तेच म्हणते. स्टेनलेस. जाड पत्रा, आतून दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे डिझेल डचमळणार नाही.’

अज्जी आणि नात एकच गोष्ट म्हणतायत हे पाहून अप्पांना संशय आला. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी मला उगीच एकदा टकटक वाजवलं आणि निकाल दिला.

‘ठीक आहे. स्टील. पण ही शेवटची टाकी, दाने. हिच्यावरसुद्धा गाडी बंद पडली, तर गाडी भंगारात जाणार आणि तू गल्ल्यावर बसणार. बाजार बंद. कळलं?’

‘कळलं.’

‘आणि अर्ध्याच्या वर भरायची नाही.’

ती खाली वाकून माझी मापं घ्यायला लागली. मला वाटलं, संपलं. हीसुद्धा त्यांच्यातलीच.

नवी टाकी झाली. काय सांगू तुम्हाला! अशी चकचकीत, की मला माझाच गंज तिच्यात दिसला. भांडेवाल्यांची टाकी, तिच्यावर नाव नको? काकांनी नाव घालायचं मशिन आणलं आणि ठिपक्याठिपक्यांनी कोरायला बसले, ‘कै. मल्लप्पा यांचे स्मरणार्थ’. खाली स्वतःचं नाव घालावं असंही त्यांच्या मनात होतं, पण दानेश्वरी ओरडली, ‘काका, टाकीला भोक पाडू नका!’

त्या गडबडीत दानेश्वरीनं बसूला हळूच सांगितलं, ‘जुनी टाकी कापून दे मला. उभी. वरपासून खालपर्यंत.’

बसूनं मला पाण्यानं धुतलं आणि छिन्नीनं कापलं. दुखलं का, असं विचाराल, तर नाही. उलट मोकळं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आतून बघत होतं. दानेश्वरी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि बघतच राहिली. बरोबर मधोमध एक रेघ. रेघेखाली पत्रा धड, रेघेवर चाळणी. तिनं वरच्या भागाला बोट लावलं, तर बोट आरपार गेलं.

‘हात्तिच्या!’ ती म्हणाली.

तिनं माझे दोन्ही भाग हौद्यात टाकले. नव्या टाकीची पूजा झाली, नारळ फुटला. पहिली फेरी म्हणून अज्जी, अप्पा आणि काका पुढे दाटीवाटीनं बसले. आधी पंप, मग भंगाराचं दुकान, असं ठरलं होतं.

म्हणून आता माझा निरोप. भंगारवाल्यांना एकच मागणं आहे. मला वितळवा, ठोका, माझी विळी करा, फाटकाची कडी करा, माझी हरकत नाही. पण माझं जे कराल ते पुरतं करा. आणि तुम्ही वाचताय म्हणून तुम्हालाही सांगते, घरातला एखादा नियम जुना झाला असेल, तर त्याला एकदा कापून आतून बघा.

पंप आला. पंपावरचा माणूस या गाडीला ओळखून होता. नळी उचलतानाच म्हणाला, ‘अर्धीच ना, अप्पा?’

‘फुल,’ दानेश्वरी म्हणाली.

‘दाने!’ अप्पा खाली उतरले. मागोमाग काका. अज्जींना उतरवायला दोघं लागले. ‘काय करायलीस तू?’

दानेश्वरीनं हौद्यातून माझा एक भाग ओढून काढला आणि त्यांच्यासमोर उभा केला. ‘हे बघा. खाली धड, वर चाळणी. लोखंड वाईट असतं तर सगळंच गेलं असतं. अज्जी, गरम भाकरी डब्यात झाकली की झाकणाला आतून काय सुटतं?’

‘पाणी सुटतं की. म्हणून तर फडकं घालायचं,’ अज्जी म्हणाल्या.

‘तेच पाणी रिकाम्या अर्ध्या टाकीत सुटतं. त्यानं ही खाल्ली.’

अप्पांनी मान हलवली. ‘असेल. पण आता स्टील आहे. स्टील गंजत नाही. मग अर्धी भरली तर काय बिघडलं?’

मुद्दा बिनतोड होता. काका म्हणाले, ‘बरोबर!’

‘स्टील गंजणार नाही. पण पाणी सुटायचं थांबणार आहे का? ते खाली डिझेलात उतरणार, इंजिनात जाणार आणि गाडी बंद पडणार. मग तुम्ही म्हणणार, बघ, तुझी टाकीपण गेली, आता बस गल्ल्यावर!’

‘म्हणून मी म्हणत होतो, प्लास्टिक...’

‘काका, साकु! पुरे!’ ती म्हणाली. काकांना कानडी चांगली कळायची, ते थांबले.

अप्पा आवाज चढवून म्हणाले, ‘अण्णांनी सांगितलेलं आहे ते!’ अण्णा म्हणजे मल्लप्पा.

‘का सांगितलं?’

अप्पांनी अज्जींकडे पाहिलं. अज्जींनी सवयीनं डोळे मिटायला घेतले.

‘अज्जी, डोळे उघडे ठेव. का सांगितलं अज्जांनी?’

कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी कापलेली होते.

‘मग मी नाही पाळणार,’ दानेश्वरी म्हणाली. तिनं गाडीची किल्ली काढून अप्पांसमोर धरली. ‘तुम्हाला पाळायचं असेल, तर ही घ्या. माळशिरसला तुम्ही जा. उन्हात उभं राहून बायकांना कुकर तुम्ही विका. गाडी मी चालवायची, तर भरायची किती तेही मीच ठरवणार. नियम कुणी केला ते मला सांगू नका, कशासाठी केला ते सांगा.’

हात तसाच पुढे. पंपावरचा माणूस नळी धरून एकदा हिच्याकडे, एकदा अप्पांकडे बघत राहिला.

किल्ली कुणी घेतली नाही.

‘दादा, भरा,’ ती त्याला म्हणाली.

डिझेल पडायला लागलं. अर्ध्यापर्यंत तिघं बघत होते. अर्ध्याच्या पुढं गेलं, तेव्हा अप्पांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अज्जींचे डोळे टक्क उघडे होते. पंपाचे आकडे फिरत राहिले, टाकी काठोकाठ भरेपर्यंत.